पन्नास मिनिटांचं गोंदिया

मागच्या महिन्यात चांदूर बाजारहून मामांचा फोन आला. त्यांची धाकटी लेक आमगावला दिली आहे, गोंदियाच्या पलीकडं. नातीचं बारसं ठरलं होतं. घरातल्या पोरानं मोबाइलवर काही शोधलं आणि पडद्यावर ओळ उमटली: अमरावती ते गोंदिया, विमानाने २७८ किलोमीटर, ५० मिनिटे. मामा म्हणाले, "अरे, पन्नास मिन्टात पोचते म्हनते हे. मंग मी बडनेऱ्यावून सहा घंटे रेल्वेत कायले बसू? तू भूगोल शिकवतं ना, सांग बरं."

प्रश्न अगदी रास्त होता. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथून हैदराबादकडे विमान सुरू झालं. विदर्भाच्या दोन टोकांना दोन विमानतळ, आणि मोबाइल म्हणतो पन्नास मिनिटं. साध्या माणसानं यातून काय समजायचं? हा आकडा खोटा नाही. तो एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. मामांना जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथं लिहितो.

धुऱ्याचं अंतर आणि पांदणीचं अंतर

वावरातून घरी यायला दोन वाटा असतात. एकटे असलो तर धुऱ्याधुऱ्यानं तडक निघतो. बंडी सोबत असली तर पांदणीनं वळसा घालत यावं लागतं. घर तेच, वावर तेच, अंतर मात्र दोन. विमानाचं म्हणून जे अंतर दाखवतात ते धुऱ्याचं. दोन ठिकाणांमधली सगळ्यांत जवळची रेघ. वाटेत नदी आहे की डोंगर, हे ती रेघ विचारत नाही.

ही रेघ वही-पेन घेऊन आपल्यालाही मोजता येते. बेलोरा २०.८१ अंश उत्तर अक्षांश आणि ७७.७२ अंश पूर्व रेखांशावर आहे. बिरसी २१.५३ उत्तर आणि ८०.२९ पूर्व. म्हणजे उत्तरेकडं पाऊण अंशापेक्षा थोडं कमी आणि पूर्वेकडं अडीच अंशापेक्षा थोडं जास्त सरकायचं. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण ध्रुवाकडं जाताना आक्रसत जातो आणि आपल्या विदर्भात तो सुमारे १०४ किलोमीटर भरतो. तर उत्तरेकडं ७९ किलोमीटर, पूर्वेकडं २६७. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजू झाल्या. सातवीतला पायथागोरस आठवला की कर्ण निघतो २७८. माझ्या वर्गातल्या पोरांनी हे फळ्यावर केलं, तेव्हा मोबाइलशी आकडा जुळलेला पाहून त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो.

हाच आकडा दुसऱ्या ठिकाणी पाहिला तर २६२ही दिसू शकतो. तिथं शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजलेलं असतं. बेलोरा अमरावतीच्या दक्षिणेला आणि बिरसी गोंदियाच्या ईशान्येला असल्यामुळं विमानतळ ते विमानतळ अंतर वाढतं. वैमानिकांच्या कागदावर आणखी तिसरा आकडा असेल, १५०. ते नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. गावं तीच, आकडे तीन.

संत्र्यावरचा दोरा

पृथ्वी गोल आहे, मग सपाट कागदावरचा पायथागोरस कसा चालतो? वरुड-मोर्शीकडचं एक संत्रं घ्या, त्यावर पेननं दोन ठिपके काढा आणि दोन्हींवरून दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल ती सगळ्यांत जवळची वाट. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्वृत्त म्हणतात. आता तेच संत्रं सोलून साल टेबलावर सपाट करायला जा. कुठंतरी फाटणार, कुठंतरी ओढली जाणार. जगाचा नकाशा म्हणजे ही ताणलेली साल. म्हणून मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाची वाट नकाशावर उत्तरेकडं फुगलेली दिसते आणि लोकांना वाटतं विमान उगाच फेरा घालतंय. संत्र्यावर दोरा लावला की तीच वाट सरळ दिसते.

अमरावती-गोंदियासाठी मात्र ही वक्रता नगण्य आहे. बेलोऱ्यापासून बिरसीपर्यंत जमिनीच्या पोटातून अगदी सरळ भुयार खणलं, तरी ते वरच्या अंतरापेक्षा जेमतेम २२ मीटरनं कमी भरेल. विमान साडेचार किलोमीटर उंचीवरून गेलं म्हणून वाढणारं अंतर सुमारे २०० मीटर. एवढ्यासाठी कोणी भांडणार नाही.

हिंगणघाटला निजलेला मोजणीदार

अंश किती किलोमीटरचा हे आपण सहज लिहून टाकतो. ते कोणीतरी पायी फिरून मोजलेलं आहे, आणि त्या मोजणीचा एक धागा आपल्या वर्धा जिल्ह्यात येऊन थांबतो. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासजवळ लोखंडी साखळीनं जमिनीवर एक पायाभूत रेघ मोजली. तिच्या टोकांवरून दूरच्या टेकडीकडं पाहून कोन घेतले. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानं निघतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. असं त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडं सरकत राहिला. कोन मोजायचं यंत्र अर्धा टन वजनाचं होतं. ते टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवणारी माणसं आपल्यासारखीच गावखेड्यातली होती. त्यांची नावं कुठं फारशी लिहिलेली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

हैदराबादहून नागपूरकडं येताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाट इथं लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे. पुढं हे काम जॉर्ज एव्हरेस्टनं चालवलं, ज्याचं नाव हिमालयातल्या शिखराला दिलं गेलं. या मोजणीतून पृथ्वी नेमकी किती चपटी आहे याचा अंदाज पक्का होत गेला. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६३५७. हा २१ किलोमीटरचा फरक धरून हिशेब केला की नुसता गोल चेंडू धरून, यावर मोबाइलवरच्या आकड्यांत किलोमीटरभराचा फरक पडतो. आज उपग्रह आहेत, पण विमानाच्या अंतराचा आकडा ज्या विद्येतून येतो, तिच्यासाठी एक माणूस हिंगणघाटपर्यंत चालत आला होता.

मग ५० मिनिटं कुठून आली?

यात मोजणी कमी, अंदाज जास्त. साधारण पद्धत अशी: अंतराला जेट विमानाच्या सरासरी वेगानं भागायचं, म्हणजे ताशी आठशे किलोमीटर, आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. २७८ भागिले ८०० म्हणजे २१ मिनिटं, अधिक ३०. झाले ५१. कोणतं विमान, ते तिथं उतरू शकतं का, मुळात तशी सेवा आहे का, यातलं काहीच या हिशेबात धरलेलं नसतं. दोन बिंदू दिले की यंत्र उत्तर देतं. मंगरूळपीर आणि भामरागड दिलं तरी देईल.

आता खरं विमान धरू. बेलोऱ्याला येतं ते एटीआर, पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं. स्थिरावल्यावर त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. मामा लगेच म्हणाले, "मंग पाचशेनं भाग. तेहतीस मिन्टं." भागाकार बरोबर, पण पाचशेचा वेग त्याला मिळतो तरी किती वेळ? एस्टी आगारातून निघते, फाट्यापर्यंत रांगते, डांबरीवर लागते तेव्हा कुठं वेग धरते आणि गाव आलं की पुन्हा रांगते. विमानाचं तसंच. १५,००० फूट चढायला एटीआरला पंधराएक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात नव्वद किलोमीटर मागं पडतात. उतरताना वैमानिकांचा जुना आडाखा आहे: दर हजार फुटांसाठी तीन नॉटिकल मैल आधी खाली यायला लागायचं. १५,००० फुटांसाठी ४५ नॉटिकल मैल, म्हणजे ८३ किलोमीटर. मधे उरले जेमतेम शंभर. म्हणजे पूर्ण वेगाचा प्रवास फक्त बारा मिनिटांचा. विमान वर पोचलं न पोचलं की उतरायची तयारी.

त्यात जमिनीवर रांगण्याची दहाएक मिनिटं आणि धावपट्टीशी सरळ रेषेत यायची पाच-सात मिनिटं मिळवा. चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंत तासाला पाच मिनिटं कमी. या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि वेळापत्रकात, तिकिटावर हाच छापतात. गंमत म्हणजे जेटचा अंदाज ५१ आणि एटीआरचा हिशेब ५५. एवढ्या कमी अंतरात वेगवान विमानाला आपला वेग दाखवायला जागाच मिळत नाही.

मुंबईचं उदाहरण पाहिलं की हे आणखी लख्ख दिसतं. बेलोरा ते मुंबई हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर. पाचशेनं भागलं तर ६५ मिनिटं. सेवा सुरू झाली तेव्हा वेळापत्रकात वेळ होता पावणेदोन तास. ही चाळीस मिनिटं गेली कुठं? थोडी चढण्या-उतरण्यात, आणि बरीच मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं प्रत्यक्षात एका वेळी एकच वापरता येते. दिवाळीत बडनेरा स्टेशनच्या तिकीट खिडकीपुढं असते तशी रांग तिथं आकाशात रोज लागते. वेळापत्रक करणारे ती रांग आधीच हिशेबात धरतात.

रेघ नागपूरवरून जाते

नकाशा उघडा आणि बेलोरा-बिरसी पट्टीनं जोडा. रेघ थेट नागपूर शहराच्या उत्तर भागावरून जाते, आणि तेही जवळजवळ बरोबर मध्यावर. बेलोऱ्यापासून नागपूरचा विमानतळ सुमारे १४०, बिरसीपासूनही तेवढाच. म्हणजे हे विमान नागपूरच्या गर्दीवरूनच न्यावं लागेल आणि तिथले नियंत्रक सांगतील त्या उंचीनं, त्या वळणानं जाईल. रस्त्यावर आपण डाव्या बाजूनं चालतो तसा आकाशात उंचीचा नियम असतो. पूर्वेकडं जाणाऱ्यांना विषम हजार फूट, पश्चिमेकडं जाणाऱ्यांना सम. मामा जाताना १५,००० फुटांवर असते तर येताना १४ किंवा १६ हजारांवर.

निघतानाची दिशाही आपल्या हातात नसते. विमान वाऱ्याकडं तोंड करून उडतं, जशी पोरं पतंग उडवताना वाऱ्याच्या उलट धावतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असला की गोंदियाला जाणारं विमान आधी अकोल्याकडं तोंड करून उडेल आणि मग वळेल. धुऱ्याचं अंतर २७८ असलं तरी विमान प्रत्यक्षात दहा-वीस किलोमीटर जास्तच फिरतं.

वारा जाताना देतो, येताना घेतो, पण हिशेब जुळत नाही

वैनगंगेवर डोंगा चालवणाऱ्याला विचारा. धारेसोबत जाताना वल्हं हातात नुसतं धरलं तरी चालतं, उलटं येताना घाम फुटतो. ताशी ५०० च्या विमानाला पश्चिमेचा ६० चा वारा लागला, तर गोंदियाकडं जाताना जमिनीवरचा वेग ५६० आणि परतताना ४४०. सगळं अंतर पूर्ण वेगानं कापलं असं धरलं तर जाताना ३० मिनिटं, येताना ३८. वारा नसता तर दोन्हीकडं ३३ च्या थोडं वर. बेरीज करून पाहा: वाऱ्यात ६८, वाऱ्याविना ६७. वारा जेवढं देतो त्यापेक्षा थोडं जास्तच घेतो, कारण उलट वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीला पश्चिमेचे फार जोरकस वारे वाहतात. एटीआर २५,००० फुटांच्या वर जात नाही, त्यामुळं त्यांचा पूर्ण मारा त्याला लागत नाही.

आणि आपलं ऊन

या भागाकडं विदर्भातल्या माणसानं नीट लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. एप्रिल-मे मध्ये एखादं विमान उशिरा निघालं, किंवा जागा रिकाम्या असूनही 'फुल्ल' सांगितलं, तर सगळा दोष कंपनीचा नसतो.

तापलेली हवा विरळ होते. पंखाला आधार हवेचाच आणि इंजिनाला घास हवेचाच. हवा विरळ, तर दोन्ही कमी. डोंगरावरही हवा विरळ असते. म्हणून वैमानिक उन्हाचा हिशेब उंचीत बदलून घेतात. आजच्या उन्हात ही धावपट्टी किती उंच डोंगरावर असल्यासारखी वागेल, हा आकडा ते काढतात. त्याला घनता-उंची म्हणतात. आडाखा साधा आहे. समुद्रसपाटीला १५ अंश हे प्रमाण तापमान आणि दर हजार फुटांना दोन अंश कमी. प्रमाणापेक्षा जेवढे अंश जास्त, प्रत्येकासाठी १२० फूट मिळवायचे. बेलोरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११२५ फूट उंच, तिथलं प्रमाण तापमान १३ अंश. मे महिन्यात दुपारी पारा ४५ ला गेला की फरक ३२ अंशांचा. गुणाकार केला की ३८४० फूट, त्यात मूळ ११२५. झाले जवळपास पाच हजार फूट, म्हणजे दीड हजार मीटर.

चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर आहे. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी बेलोऱ्याची धावपट्टी विमानाच्या दृष्टीनं चिखलदऱ्याच्याही चारशे मीटर वर जाऊन बसते. खाली थंडगार हवेत एटीआरला भरल्या वजनानं उडायला सुमारे तेराशे मीटर धावपट्टी लागते. उन्हात ती गरज वाढत जाते, आणि बेलोऱ्याची धावपट्टी आहे १८५० मीटरची. शिवाय धावताना एखादं इंजिन बंद पडलं तरी थांबता किंवा उडता यायला हवं, एवढी जागा राखावी लागते. मग वजन कमी करायचं: माणसं कमी, सामान कमी, नाहीतर इंधन कमी. किंवा सकाळच्या गारव्यात उडायचं. बंडी चिखलात रुतायची भीती असली तर आपण चार पोती उतरवतोच की.

"मंग मोठ्ठं जेट कायले नाही लावत?" हा मामांचा पुढचा प्रश्न. त्याचंही उत्तर इथंच आहे. मोठ्या जेटला लांब धावपट्टी लागते, उन्हात आणखी लांब. बिरसीची सुमारे २३०० मीटर आहे. अकोल्याची शिवणीची धावपट्टी जेमतेम १४०० मीटरची आहे. तिच्या विस्ताराचा प्रश्न जमिनीवरून वर्षानुवर्षं लटकलेला आहे. अकोल्याच्या लोकांची तगमग मला समजते. धावपट्टीचे ते चार-पाचशे मीटर म्हणजे नुसतं डांबर नव्हे, कोणतं विमान येणार आणि किती भरून जाणार हे त्यावर ठरतं.

गोंदियाकडं भातखाचरं आणि तलावांचा मुलूख, त्यामुळं हिवाळी सकाळी धुकं. मोठ्या विमानतळांवर धुक्यात वाट दाखवणारी महागडी यंत्रं जमिनीवर बसवलेली असतात. लहान ठिकाणी ती परवडत नाहीत. त्यासाठी भारतानं 'गगन' ही उपग्रहांची व्यवस्था उभी केली आहे, जी उपग्रहाकडून येणारा ठावठिकाणा आणखी अचूक करून देते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला एक एटीआर विमान या व्यवस्थेच्या आधारे उतरवून पाहिलं गेलं. आडवळणाच्या विमानतळांसाठी मला ही सगळ्यांत आशेची गोष्ट वाटते.

थेट विमान नाही, तर वाट कशी?

बेलोऱ्याची सेवा सुरू झाली ती मुंबईशी, बिरसीची हैदराबादशी. तेवढ्याच दोन सेवा धरून मामांना निव्वळ विमानानं जायचं असेल तर वाट अशी: बेलोरा ते मुंबई ५४० किलोमीटर, मुंबई ते हैदराबाद ६२०, हैदराबाद ते बिरसी ५१५. बेरीज पावणेसतराशे. धुऱ्याच्या अंतराच्या सहापट! त्यात अमरावतीचं विमान सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस होतं. एक विमान चुकलं किंवा दुसऱ्याची वेळ जुळली नाही तर मुंबईत मुक्काम. वेळापत्रकं बदलत राहतात, पण हिशेबाची तऱ्हा हीच राहते. दोन आडवळणाच्या विमानतळांमधला वेळ त्यांच्यातल्या अंतरावर ठरत नाही. दोघांची गाठ कोणत्या तिसऱ्या गावी पडते आणि तिथं किती थांबावं लागतं, यावर तो ठरतो.

हे ज्याला फार पूर्वी कळलं होतं ते आपलं टपाल खातं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघे आणि चौघंही मध्यरात्रीनंतर नागपुरात सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथं थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५. चार गावं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मधे नागपूर घेतलं की चारच पुरतात. संध्याकाळी मद्रासला टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत. विमानं तेव्हा हळू होती. वेळ वाचला तो गाठ नीट बांधल्यामुळं.

मग बेलोरा आणि बिरसी दोन्ही नागपूरला का नाही जोडत? कारण १४० किलोमीटरसाठी विमान चढवायचं आणि लगेच उतरवायचं यात इंधन भरमसाट जातं, आणि तेवढ्या वेळात गाडी रस्त्यानं नागपुरात पोचलेली असते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यावर तर अमरावती जिल्ह्याच्या बऱ्याच भागातून नागपूर आणखीच जवळ आलं.

विमान कंपनीचा हिशेब आपल्या काळी-पिवळीसारखाच असतो. सत्तर जागा रोज भरतील एवढी माणसं अमरावतीहून गोंदियाला जाणारी, आणि रेल्वेच्या कितीतरी पट भाडं देणारी हवीत. सरकारची 'उडान' योजना याच अडचणीसाठी आहे. तिचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्ली मार्गावर उडालं. काही जागांचं भाडं मर्यादेत ठेवायचं आणि कंपनीची तूट ठरावीक वर्षं सरकारनं भरून द्यायची, अशी तिची मांडणी. पण आधार संपल्यावर, किंवा त्याआधीही, अनेक मार्ग गळतात. बिरसीहून २०२२ मध्ये सुरू झालेली एक सेवा काही महिन्यांतच थांबली होती.

समजा थेट विमान असतंच तर?

मामांसोबत मी हाही हिशेब मांडला. चांदूर बाजार ते बेलोरा, एस्टी आणि पुढं ऑटो धरून दोन तास. खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते म्हणून दीड तास आधी पोचायचं. विमानात पंचावन्न मिनिटं. बिरसीला सामान घेऊन बाहेर यायला वीस-पंचवीस मिनिटं. पुढं आमगाव पाऊण तास. एकूण साडेपाच तास, त्यातलं हवेतलं एक तासही नाही. रेल्वेनं त्यांना सगळं धरून आठ-साडेआठ तास लागतात. म्हणजे तीन तास वाचले असते. हे कमी नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर नाहीच. पण मोबाइलच्या पडद्यावर पाहून मनात जे चित्र उभं राहतं, ते हे नव्हे.

अंतर वाढलं की पारडं फिरतं. दाराशी जाणारे साडेचार तास ठरलेलेच आहेत. अमरावती-मुंबईला ते धरूनही रात्रभराच्या रेल्वेपेक्षा विमान निम्म्या वेळात पोचवतं. परतवाड्याच्या पोराला मुंबईत मुलाखत असेल, एखाद्या बाईला टाटा रुग्णालयात तपासणीला जायचं असेल, तर हा फरक फार मोठा आहे. बिरसीला वैमानिकांचं प्रशिक्षणही चालतं. माझ्या मते या धावपट्ट्यांचा खरा उपयोग तिथंच आहे: दूरच्या ठिकाणासाठी आणि इथल्या पोरांना वैमानिक करण्यासाठी. विदर्भातून विदर्भात जायला रेल्वेच नीट हवी. वेळेवर, आणि बसायला जागा मिळेल अशी.

म्हणून कोणी विमानाचा वेळ सांगितला की मी तीन गोष्टी विचारतो. थेट आहे का, आठवड्यातून किती दिवस आहे, आणि माझ्या दारापासून विमानतळ किती दूर. मिनिटं त्यानंतर.

मामा आदल्या रात्री आमच्याकडं बडनेऱ्याला मुक्कामाला आले आणि पहाटे विदर्भ एक्सप्रेसनं निघाले. उजाडता उजाडता फोन आला. "वर्ध्याले गाडी थांबली हाये. तुह्या त्या साहेबाचं हिंगणघाट इकून कोन्या आंगाले रे?"

"आग्नेयेला, मामा. सरळ रेषेत तेहतीस किलोमीटर."

"ते झालं धुऱ्यानं," मामा म्हणाले. "पांदणीनं किती?"